सातारा जिल्हा, पण किल्ले सोडून : विहिरी, घाट, वाडे आणि एक शाळा

कृष्णाकाठ

मंडळी,

माझं मूळ गाव वाईजवळ. पुण्यात हे कुणाला सांगितलं की दोनच प्रश्न येतात : कासची फुलं आली का, आणि कोणता किल्ला केला. कासबद्दल न बोललेलंच बरं. किल्ल्यांवर लिहिणारे इथे माझ्यापेक्षा जाणते पुष्कळ आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले मराठा काळातले बारा किल्ले गेले, त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे, त्याचा आनंदच आहे. पण मला विचारायचंय ते सपाटीवरचं. गावातलं, ओढ्याकाठचं, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं. ज्याला तिकीट नाही आणि ज्यावर झेंडा नाही.

दिवाळीनंतर चार रविवार काढले. त्यातलं थोडं लिहितो.

पहिली लिंबची बारा मोटेची विहीर. पुण्याहून येताना सातारा लागायच्या आधी लिंब फाट्याला आत वळायचं. वरून पाहिली की शिवपिंडीसारखी दिसते : अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेली पायऱ्यांची लांब वाट. व्यास पन्नासएक फूट, खोली एकशे दहाच्या आसपास. पायऱ्या उतरून दाराशी आलात की दोन्ही बाजूंना शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी आहेत. खरी मजा पुढे. विहीर आणि पायऱ्यांची वाट यांच्या मधोमध, पाण्याच्या डोक्यावर, चक्क एक महाल बांधलाय. खांबांवर हत्ती, घोडेस्वार, मारुती. भिंतीत लपवलेल्या अरुंद जिन्याने वर गच्चीवर जाता येतं. एप्रिलमध्ये बाहेर डोकं फुटायची वेळ असते तेव्हा या महालात गारवा असतो. शिलालेखात शके 1641 ते 1646 असा काळ दिलाय, म्हणजे इ. स. 1719 ते 1724, आणि नाव आहे विरूबाई भोसल्यांचं. विरूबाई सातारच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लग्नाच्या राण्यांपैकी नव्हत्या, पण महाराजांच्या खासगीचा कारभार त्यांच्या हातात होता. आमराईला पाणी मिळावं म्हणून बाईंनी हे एवढं केलं. आज आपण आमराईला ठिबक टाकतो आणि शेड मारतो.

मग मेणवली. वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. घाटावरच्या छोट्या दगडी घुमटीत जी घंटा टांगलीय तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल 1707. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चमधून आलेली ही घंटा. लहानपणी आजीबरोबर यायचो तेव्हा ती या चित्राला "देवकी आणि कृष्ण" म्हणायची. कुणी तिला दुरुस्त केलं नाही आणि बरंच झालं.

वाईतला ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे, पण देवळाला मागून वळसा घालून किती जण जातात? मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्हीकडे वाटलं जातं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं. म्हणजे नदी दारात येणार हे गृहीत धरून बांधलेली इमारत. आता पूररेषेत सोसायट्या उठवणाऱ्यांना एकदा या भिंतीमागे नेऊन उभं करावं.

आणि साताऱ्यातली शाळा. जुन्या राजवाड्यात, 1824 सालच्या इमारतीत, प्रतापसिंह हायस्कूल भरायचं. 7 नोव्हेंबर 1900 ला इथल्या रजिस्टरात 1914 क्रमांकावर "भिवा रामजी आंबेडकर" असं नाव चढलं. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. लाकडी जिने, जाड भिंती, आणि राजाच्या वाड्यात इंग्रजी फौजेतल्या महार सुभेदाराचा मुलगा वर्गाच्या बाहेर का असेना पण हजेरीपटावर. या वाड्याचं याहून मोठं काम कुठल्या राजाच्या हातून झालं असेल असं मला वाटत नाही.

हिंडताना एक गोष्ट सारखी जाणवली. ज्या वास्तूला रोजचं काम आहे ती उभी आहे. देवळात दिवा लागतो, घाटावर धुणं पडतं, वाड्यात माणसं राहतात. ज्याचं काम संपलं त्यावर पिंपळ उगवला.

तर प्रश्न असा : तुमच्या तालुक्यात काय उभं आहे, आणि का? किल्ले कृपया नकोत.

---

कंदी_पेढा

वाचनखूण साठवली. घंटांमध्ये भर घालतो : नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटासुद्धा पोर्तुगीज, आणि भीमाशंकरला आहे तीही. वसईच्या मोहिमेनंतर आपल्याकडे घंटांचा सुकाळ झाला असावा. जिंकलेल्या तोफा वितळवून आपण विसरलो, घंटा मात्र देवाच्या पदरात घातल्या म्हणून राहिल्या. कृष्णाकाठ यांचा मुद्दा इथे लागू पडतो की नाही?

किल्ले नकोत म्हटलंत म्हणून माझा अजिंक्यतारा गिळून टाकला. जड गेला.

---

चुनकळी

लेख आवडला, पण शेवटच्या मुद्द्यावर हात वर करते. मी दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करते, त्यामुळे हे रोज बघते. "काम आहे म्हणून उभी" हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की काम आहे म्हणूनच तिची सगळ्यात जास्त नासाडी होते. पिंपळाने पाडलेल्या देवळापेक्षा ऑइलपेंटने मारलेली देवळं आपल्या जिल्ह्यात जास्त आहेत.

काय होतं ते सांगते. जुनं बांधकाम चुन्याचं. चुनखडी भाजून चुनकळी करायची, ती पाण्यात विरवायची, मग वाळू नाहीतर विटांची सुरखी घालून चुन्याच्या घाणीत मळायची. दगडी चाक, गोल चर, बैल फिरतोय. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. हे सगळं पूजेचं साहित्य नाही, चुना चिकट व्हावा आणि सावकाश घट्ट व्हावा म्हणून. चुना हवेतला कर्बवायू पिऊन वर्षानुवर्षं घट्ट होत राहतो आणि तरी तो श्वास घेतो. भिंतीत पाणी शिरलं तर सांध्यातून बाहेर पडतं.

आता सिमेंट. गावात वर्गणी जमते, गवंडी येतो, दगडांचे सांधे सिमेंटने भरतो. वरून चकाचक. पाणी मात्र आत शिरायचं थांबत नाही, ते वरून येतं, जमिनीतून चढतं. सांध्यातून बाहेर पडायची वाट बंद झाली की ते दगडातूनच निघतं आणि येताना क्षार आणतं. चार-पाच पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात. मग गावकरी म्हणतात दगड जुना झाला. दगड आहे तिथेच होता हो. सांधा मारला तुम्ही.

ऑइलपेंटचंही तेच, वरून कोरीवकाम भरून जातं ते वेगळं. गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसवणाऱ्यांबद्दल मी बोलणं सोडलंय, रक्तदाब वाढतो.

---

मोटवान

नमस्कार. नातवाने हा धागा दाखवला. मी लिहितो तसं वाचून घ्या.

बारा मोटेची म्हणता, पण वर मोटेच्या जागा पंधरा हायत. एका वक्ताला बारा चालायच्या म्हणून बारा मोटेची. मी पोरगा असताना आमच्या विहिरीवर मोट हाकलेली हाय. साठ-बासष्ट सालापर्यंत मोट व्हती, मग इंजिन आलं, मग लाईट. तुमा लोकांना मोट मंजी चित्र. त्येचं सांगतो.

कातड्याची मोट, खाली सोंड. वरच्या चाकावरनं जाड नाडा, तो मोटेच्या तोंडाला. खालच्या चाकावरनं सोल, ती सोंडेला. बैल धावेवरनं, मंजी उतारावरनं, खाली उतरायला लागलं की मोट वर. वर आली की सोंड थारोळ्यात, मंजी दगडी कुंडीत, आपसूक सुटती आन् पाणी पडतं. मग बैलांनी उलट्या पावली मागं यायचं. हे शिकवायला लागतं, बैल आपसूक मागं चालत न्हाय. विहीर खोल असली तर चार बैलांची मोट लागायची. लिंबची विहीर तर केवढी खोल. तवा बारा मोटा मंजी बैल किती, माणसं किती, ह्याचा हिशेब लावा. मोटवानाला गाणं यायला लागायचं, गाण्याच्या ठेक्यावर बैल चालायचं. गाणं थांबलं की बैल थांबला.

आता थारोळी तिथं कोरडी पडल्यात. पोरं त्यात बसून फोटू काढतात. काडू द्या. पण थारोळं कशाला म्हणतात येवढं तरी पाटीवर लिवा.

---

कृष्णाकाठ

मोटवान काका, साष्टांग नमस्कार. मी त्या दगडी कुंड्यांत "प्राण्यांना पाणी प्यायची सोय" समजून आलो होतो. लाज वाटली.

---

बारबंदी

सगळं गोड आहे. एकच विचारतो, खर्च कुणी करायचा?

आमच्या गावात एक जुनं शंकराचं देऊळ आहे, हेमाडपंती म्हणतात तसलं. ते संरक्षित करावं म्हणून काही शहरी मंडळी आली होती. गाव बिथरलं. कारण कुणीतरी सांगितलं की संरक्षित झालं की शंभर मीटरपर्यंत एक वीट लावता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. हा नियम केंद्राच्या स्मारकांना आहे, राज्याच्या स्मारकांचा कायदा वेगळा, 1960 चा, हे मला नंतर कळलं. पण गावाला कोण समजावणार? आमच्या गावची अर्धी घरं त्या शंभर मीटरात आहेत. पोराचं लग्न झालं, खोली वाढवायची, संडास बांधायचाय. कुणी म्हणेल तुमची संस्कृती तुम्हाला नको का. हवी आहे. पण संडासही हवा आहे.

शेवटी ते देऊळ तसंच राहिलं. रंग लावला. हो चुनकळी ताई, ऑइलपेंटच. आमच्या मंडळानेच. तेव्हा माहीत नव्हतं.

---

चुनकळी

बारबंदी, तुमचा राग बरोबर आहे आणि तुम्ही कबूल केलंत त्याबद्दल राग नाही. रंग काढता येतो, पण घाई करू नका. वाळूचा फवारा मारणाऱ्याला अजिबात बोलावू नका, तो रंगाबरोबर दगडाची वरची कातडीही काढतो आणि कोरीवकाम बोथट होतं. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघायचं असतं.

खर्चाचं सांगायचं तर राज्याची 2007 पासूनची महाराष्ट्र वैभव ही संगोपन योजना आहे. संस्था, कंपन्या, कुणीही राज्य संरक्षित स्मारकाचं पालकत्व घेऊ शकतात. पण अडचण तीच : आधी ते संरक्षित असावं लागतं. आणि आपण इथे ज्यांची नावं घेतोय त्यांतल्या बहुतेकांच्या कपाळावर तो शिक्का नाही.

---

परतीचा_पाऊस

मी बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय.

आमचा वाडा होता, जिल्ह्यातल्याच एका बाजारगावात. गावाचं नाव देत नाही. दोन चौक, दिंडी दरवाजा, माजघरात बळद, मागच्या सोप्याखाली पेव. भिंती पांढरीच्या मातीच्या, इतक्या जाड की खिडकीत मी आणि चुलतबहीण आडव्या झोपायचो. आजोबा गेले तेव्हा उताऱ्यावर पाच नावं होती. बाबा गेले तेव्हा एकोणीस. कौलं फुटायला लागली. एका पावसाळ्यात किती खर्च येतो ते वाड्यात राहिलेल्यालाच कळतं. एकोणीस जणांत वर्गणी काढायची म्हणजे प्रत्येक जण म्हणणार, मी तिथे राहतो का?

तिथे राहत होती फक्त थोरली काकू. ती होती तोवर रोज सारवण, रोज दिवा. ती गेली आणि पुढच्याच वर्षी मागच्या चौकाचं छत बसलं. कृष्णाकाठ यांनी लिहिलंय ते अगदी असंच : माणूस होतं तोवर वाडा होता.

शेवटी विकला. घेणाऱ्याला जागा हवी होती. लाकूड आधी एका माणसाने घेतलं. सागवानी खांब, नक्षीच्या तुळया, दिंडी दरवाजा, सगळं ट्रकने मुंबईला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. दादाने सौदा केला तेव्हा मी नव्हते. नंतर कळलं की कोरीव चौकटीचा भाव वेगळा होता, साध्या तुळयांचा घनफुटावर.

आमच्या वाट्याला एक तळखडा आला. खांबाखालचा कोरीव दगड, वर कमळ. तो आता माझ्या बाल्कनीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी. इंटिरियरवाल्या मुलीने विचारलं होतं कुठून घेतला, मस्त आहे, तिला एक क्लायंटसाठी हवाय. मी म्हटलं, एकच होता.

---

खटाववाली

पाऊसताई, काय बोलू. घशाशी आलं.

पूर्वेकडचं कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आमच्या खटावात औंध आहे. डोंगरावर मूळपीठ यमाई, गावात यमाईचं देऊळ आणि भलीमोठी दीपमाळ, आणि चढावर भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये त्यासाठी खास इमारत बांधली. राजा स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचा वेडा. आत राजा रवि वर्मा आहेत, आणि हेन्री मूरचं "माता आणि बालक" हे शिल्प आहे. हो, तोच जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार. त्याचं काम बघायला जगात लोक लंडनला जातात, आमच्याकडे एसटीने औंधला उतरायचं, वर चढायचं, राखणदार दादा दिवे लावून देतात.

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाला हे उत्तर : औंधचं उभं आहे कारण त्या माणसाने वस्तू आधी जमवल्या आणि मग त्यांच्यासाठी घर बांधलं. याउलट इतिहाससंशोधक पारसनिसांनी साताऱ्याला जमवलेलं बघा. मेणवलीचं दफ्तर, म्हणजे नाना फडणवीसांचे कागद, त्यांच्यामुळे उजेडात आलं. 1925 ला साताऱ्यात संग्रहालयही झालं, आणि 1939 ला सगळं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. जपलं गेलं, चांगलंच झालं, पण मेणवलीच्या वाड्यात उभं राहून मेणवलीचे कागद बघता येत नाहीत.

आणि खंडाळा तालुक्यातलं नायगाव राहिलं. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मघर. 3 जानेवारीला जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. इतर दिवशी जा. साधं घर आहे, जातं, चूल, लाकडी खांब. वाडे जपायला सगळेच धावतात, साधी घरं कोण जपतो? हे जपलंय.

किकलीच्या भैरवनाथाच्या आवारातल्या वीरगळांबद्दल, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव दगडांबद्दल, कुणीतरी स्वतंत्र धागा काढा. एका गावात एवढे वीर कशाने मेले असतील हा विचार करत मी तिथे तासभर बसले होते.

---

धुकं_आणि_चहा

मी इंग्लंडात श्रॉपशायरला असतो. गावंढळ काउंटी, मेंढ्या जास्त, माणसं कमी, म्हणून या धाग्याशी नातं वाटलं. बारबंदी यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर इथलं सांगतो.

इथे जुन्या इमारतींची यादी आहे, तीन श्रेणी. बहुतेक घरं सगळ्यात खालच्या दुसऱ्या श्रेणीत. माझा शेजारी तशा घरात राहतो. खिडकी बदलायची तर परवानगी. लाकडाची खिडकी प्लास्टिकची करता येत नाही. पैसे मात्र त्याचेच. तो शिव्या देतो आणि सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेजला हौशी लोकांची झुंबड येते तेव्हा गावभर मिरवतो.

रंगाचं वाचून आठवलं. आमच्याकडे 1779 सालचा लोखंडी पूल आहे, जगातला पहिला मोठा. कित्येक दशकं तो राखाडी होता. 2018 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा जुने थर तपासले तर खाली तांबूस रंग निघाला. आता पुन्हा तांबूस आहे. काही म्हातारे अजून नाराज आहेत, त्यांना राखाडीच "मूळ" वाटतो.

---

कंदी_पेढा

म्हणजे आमच्या नातवंडांना ऑइलपेंट "मूळ" वाटणार. बारबंदी, तुम्ही काळाच्या पुढे आहात.

---

बारबंदी

हसून घ्या.

पण म्हाताऱ्यांचा मुद्दा खरा आहे की. मूळ म्हणजे कधीचं? चाफळचं राममंदिर बघा. समर्थांचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, देवळाची मोडतोड झाली, आणि सत्तरच्या दशकात उद्योगपती अरविंद मफतलालांनी ते नव्याने बांधून दिलं. मागचं मारुतीचं देऊळ तेव्हा हललं नाही असं गावात सांगतात. तर आता मला सांगा, समोरचं संगमरवरी राममंदिर नवं आणि मागचा मारुती जुना, पण यात्रा तर समोरच भरते. लोकांच्या लेखी ते समर्थांचंच देऊळ आहे. माझ्याही लेखी.

---

चुनकळी

तुम्ही मला कोंडीत पकडलंत. माझ्या धंद्याच्या दृष्टीने मागचा मारुती अमोल, आणि समोरचं देऊळ म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, नवं बांधकाम. पण भूकंपात पडलेल्या देवळाचे ढिगारे ठेवून "पाहा, हा इतिहास" असं मी गावाला सांगू शकले असते का? नाही. मूर्ती उघड्यावर ठेवून कोण झोपेल?

मी एवढंच म्हणेन की पाडायच्या आधी मोजमाप घ्या, फोटो घ्या, शिलालेखांचे ठसे घ्या. दगड ढकलून नदीत टाकू नका. माझ्या पाहणीत एका ठेकेदाराने कोरीव दगड फोडून पायाच्या भरावात घातले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, मजबूत असतात.

---

कृष्णाकाठ

धागा माझ्या हातातून सुटला याचा आनंद आहे. माझा सिद्धांत अर्धा कापला गेला, ते मान्य. त्यात आणखी एक फट मीच दाखवतो. काल संगम माहुलीला जाऊन आलो.

कृष्णा-वेण्णेचा संगम, रामशास्त्री प्रभुण्यांचं माहुली. विश्वेश्वराचं देऊळ 1735 चं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींचं, अजून दणकट, पूजा चालू. पलीकडे क्षेत्र माहुलीत रामेश्वर. आणि घाटावर समाध्या. सातारच्या छत्रपती घराण्याची स्मशानभूमी होती ही. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीसुद्धा आहे. ती लोक दाखवतात, लाडाने. आणि महाराणी ताराबाईंची समाधी? जिने औरंगजेबाला महाराष्ट्रात दमवलं, जी 1761 च्या डिसेंबरात पानिपताची बातमी पचवून वारली, तिची समाधी किती वर्षं झाडोऱ्यात आणि गाळात हरवल्यासारखी होती. कुत्र्याची सापडत होती. साताऱ्यातल्या काही तरुण इतिहासप्रेमींनी कुदळ-फावडं घेऊन जागा मोकळी केली म्हणून आता निदान उभं राहून नमस्कार करता येतो.

समाधीला रोजचं काम काहीच नसतं. तिथे माझा सिद्धांत चालत नाही. तिथे कुणालातरी आठवण ठेवावी लागते.

---

परतीचा_पाऊस

खंड्याचीही असू दे. त्याने काय वाईट केलंय.

---

मोटवान

कराडात कोटात नकट्या रावळाची विहीर हाय, ती बी पायऱ्यांची, ती कुणी लिवली न्हाय. जाऊन या.

दुसरं. वाईजवळ धोमला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय, भवती दगडी कुंड. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यावानी दिसतं. आता कुंड कोरडं असलं तर ती गंमत दिसत न्हाय, नुसता नंदी दिसतो. पाणी भरायला चार घागरी लागत न्हाईत, जास्त लागतात, पण गावाला अवघड न्हाय. येवढंच करा पहिलं. सिमेंट न्हाय, रंग न्हाय, परवानगी न्हाय. पाणी.

---

चुनकळी

काका, हे मला सुचायला हवं होतं. फक्त कुंड गळतं का ते आधी बघायला हवं. गळत असेल तर चुन्याने सांधू, सामान माझ्याकडे आहे, पण पुजारी आणि ग्रामपंचायत यांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

---

कृष्णाकाठ

तर मग महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी? हल्ली महाशिवरात्रीला राज्यभर बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, दिवे लावतात, त्याआधी लिंबच्या पायऱ्या झाडून होतील आणि तिथून धोमला कुंड बघून येऊ. सकाळी साडेसातला लिंब फाट्यावर. झाडू, घमेली आणा. रंगाचा डबा दिसला तर जप्त. बारबंदी, तुम्ही येताय ना?

---

बारबंदी

येतो. मंडळाची चार पोरं आणतो. रस्त्यात आमचं देऊळ लागतं, चुनकळी ताई, पाच मिनिटं थांबून तो कोपरा बघाल का.

---

चुनकळी

बघते. पण तिथे चहा घ्यायला लावू नका, मग तासभर जातो.

---

मोटवान

मी येतो, नातू गाडीवर आणील. आमच्या माळ्यावर मोटेचं लाकडी चाक पडलंय, ते घिऊन येतो. एका जागेवर लावून पोरांना दावू, कसं फिरतं ते. नाडा मातुर कुणीतरी आणा. आमचा उंदरांनी खाल्ला.